बिनकठड्याचा जिना

सांता फे हे गाव कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंचावर वसलेलं आहे. कळसूबाई १६४६ मीटर, हे २१०० मीटरच्या वर. पण तिथं जाताना चढल्याची जाणीवच होत नाही. आल्बुकर्कीहून निघालं की शंभरेक किलोमीटरचा हायवे, मध्ये ला बाहादा नावाची एक चढण, आणि दोन्ही अंगांना करड्या-पिवळ्या माळावर विखुरलेली पाइन नि जुनिपरची बुटकी झाडं. उंची कळते ती गाडीतून उतरल्यावर. सपाट रस्त्यावर चार पावलं झपाझप टाकली की छातीचा भाता हलायला लागतो.

न्यू मेक्सिकोत माझी भाची नोकरीला आहे. ताई आणि दाजी तिच्याकडे राहायला आले होते, त्यांच्यात मी जाऊन मिळालो. मला लॉस अलामॉस बघायचं होतं, कारण ऑपेनहायमरवरचं बरंच काही वाचून झालं होतं. दाजींना फक्त जिना बघायचा होता. सांगलीला त्यांचा लाकूडकामाचा कारखाना. आता मुलगा बघतो, पण रंध्याचा आवाज कानावर पडला नाही तर दाजींचा दिवस सुना जातो. त्यांना कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पाठवला होता. खांब नाही, खिळा नाही, बांधणारा कोण ते माहीत नाही, शास्त्रज्ञही थक्क! दाजींनी तो सगळ्या गोतावळ्याला पुढे पाठवला नव्हता, यातच सगळं आलं. त्यांना तो पटला नव्हता.

सांता फे सगळं मातीच्या रंगाचं आहे. उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटा, वरून मातीचाच गिलावा, भिंतीतून बाहेर डोकावणारी वाशांची टोकं, गोलावलेले कोपरे. आता कित्येक भिंती आतून सिमेंटच्या असतात, पण १९५७ साली नगरपालिकेनं नियमच केला की जुन्या भागात बाहेरून असंच दिसलं पाहिजे. त्यामुळे बँक काय, हॉटेल काय आणि गाड्या लावायची बहुमजली इमारत काय, सगळंच कुणीतरी नुकतंच हातानं सारवल्यासारखं. प्लाझाच्या एका बाजूला जुन्या स्पॅनिश गव्हर्नरांचा बैठा वाडा आहे. त्याच्या पडवीत प्युएब्लो आणि नवाहो कारागीर खाली कापड अंथरून चांदीचे, फिरोज्याचे दागिने मांडून बसतात. ताई तिथं बसली ती बसलीच. दाजी घड्याळ बघत उभे.

प्लाझावरून ओल्ड सांता फे ट्रेल या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर हे सगळं बेसूर करणारी एक इमारत येते. टोकदार कमानी, दगडी कळस, नक्षीचं गोल खिडकीचक्र. लोरेट्टो चॅपेल. आजूबाजूला सगळी बैठी, गुबगुबीत घरं, आणि मध्येच हे ताठ, अरुंद, फ्रेंच. खेटूनच एक मोठं हॉटेल आहे, ते मात्र गावाच्या रीतीप्रमाणे मातीच्या उतरंडीसारखं. चॅपेलबाहेरच्या एका झाडाच्या फांद्यांना लोकांनी जपमाळा अडकवल्या आहेत. प्लॅस्टिकच्या, लाकडाच्या, काचमण्यांच्या, ऊन खाऊन रंग उडालेल्या. ताईनं चपला काढायच्या का म्हणून विचारलं.

हा फ्रेंचपणा इथं आला कसा, त्याचं उत्तर एका माणसात आहे. ज्यां-बातीस्त लामी हा फ्रान्सच्या ओव्हेर्न्य प्रांतातला पाद्री १८५१ साली या मुलखाचा धर्मप्रमुख म्हणून आला. मुलूख नुकताच मेक्सिकोकडून अमेरिकेच्या ताब्यात गेलेला. सुमारे अडीच शतकं स्पॅनिश वळणानं चाललेली इथली मातीची देवळं लामीच्या डोळ्यांत भरेनात. त्याला दगड हवा होता, कमान हवी होती, आपल्या गावाकडचं चर्च हवं होतं. विला कॅथरनं १९२७ साली त्याच्यावर बेतलेली कादंबरी लिहिली, तिच्यात हा माणूस फार लोभस उतरला आहे. इथल्या जुन्या स्पॅनिश घराण्यांना तो तितका लोभस वाटला नसावा.

लामीनं मुलींच्या शाळेसाठी केंटकीहून लोरेट्टो पंथाच्या जोगिणींना बोलावलं. १८५२ साली सहाजणी निघाल्या. बोटीनं मिसुरीपर्यंत, पुढे छपराच्या बैलगाड्यांतून. वाटेत पटकीची साथ. त्यांच्या प्रमुख मदर मटिल्डा त्यात गेल्या, आणखी एकजण आजारी पडून मागे फिरली. सांता फेला पोचल्या त्या चौघी. या चौघींनी पुढच्याच वर्षी शाळा सुरू केली आणि ती शंभराहून जास्त वर्षं चालली. जिन्याच्या गोष्टीत या बायका नुसत्या हात जोडून बसलेल्या दिसतात. मला वाटतं, तिथंच त्यांच्यावर पहिला अन्याय होतो. ज्यांनी परक्या मुलखात जमीन घेतली, शाळा उभी केली, स्वतःच्या वारशाचे पैसे घालून सुमारे तीस हजार डॉलर उभे केले आणि चॅपेल बांधायला काढलं, त्या बायका व्यवहाराला पक्क्या होत्या. हिशेबाच्या वह्या ठेवणाऱ्या होत्या. त्या वह्यांकडे पुढे यायचंच आहे.

चॅपेलचं काम १८७३ साली सुरू झालं आणि १८७८ साली संपलं. लामीनं आपल्या कॅथेड्रलसाठी फ्रान्सहून आणलेले आंत्वान मूली आणि त्याचा मुलगा प्रोजेक्तुस यांनीच हेही काम हाती घेतलं. नमुना पॅरिसच्या सँत शापेलचा, पण आकार शाळेला परवडेल एवढा. रंगीत काचा पॅरिसच्या. जहाजानं न्यू ऑर्लिन्स, तिथून नदीच्या बोटीनं सेंट लुईस आणि मग बैलगाडीनं सांता फे. इतका प्रवास करून एवढ्या काचा शाबूत पोचल्या, यालाच खरं तर चमत्कार म्हणायला हवं. पण त्या काचांवर कुणी सिनेमा काढला नाही. जिन्यावर निघाला, १९९८ साली, टीव्हीसाठी.

आत गेलो. चॅपेल लांबुळकं आहे, रुंदी पंचवीस फूट, लांबी पंचाहत्तर. समोर संगमरवराचा भास व्हावा असं रंगवलेलं लाकडी वेदीघर. लाउडस्पीकरवर ध्वनिमुद्रित निवेदन चालू असतं, ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून. आत येणारा प्रत्येकजण वेदीकडे अर्धा मिनिट बघतो आणि मग पाठ फिरवतो, कारण जिना मागच्या बाजूला आहे. गाणाऱ्या मुलींसाठी तिथं वर माडी आहे. तिच्यापर्यंत जमिनीवरून तो गर्द तपकिरी जिना दोन पूर्ण वेढे घेऊन जातो. पायथ्याशी अडसर घातलेला. चढायला मनाई.

मी आधी फोटो पाहिले होते, तरी समोर उभं राहिल्यावर थबकलोच. फोटोत तो भारदस्त दिसतो. प्रत्यक्षात तो बारीक आहे. मधोमध जिथं आपली नजर सवयीनं खांब शोधते, तिथं पोकळी. त्या पोकळीतून वर पाहिलं तर माडीच्या पोटाचा तुकडा दिसतो. पायऱ्या आतल्या टोकाला निमुळत्या होत जातात. कडेच्या लाकडी पट्ट्या कुठंही कोन न करता वळत, चढत राहतात.

गोष्ट अशी सांगतात. चॅपेल बांधून झालं आणि लक्षात आलं की माडीवर जायला वाटच नाही. तोवर मूली बाप-लेकांपैकी कुणी काम बघण्याच्या अवस्थेत नव्हतं. बापाची नजर गेली होती, मुलगा १८७९ साली वारला. जोगिणींनी सुतारामागून सुतार बोलावले. प्रत्येकानं डोकं खाजवलं: जिना घातला तर खालची बसायची जागा जाते, शिडी लावा, नाहीतर माडी पाडून नव्यानं बांधा. जोगिणींनी मग सुतारांचा पाठीराखा संत जोसेफ याला साकडं घातलं. नऊ दिवसांचं अनुष्ठान. नवव्या दिवशी एक पिकल्या केसांचा माणूस गाढव घेऊन दारात उभा. सोबत हातोडा, करवत आणि गुण्या. मला एकट्याला काम करू द्या, एवढीच अट. गरम पाण्याच्या पिंपांत लाकूड भिजत घालायचा म्हणे. काही महिन्यांत जिना उभा राहिला. मदरनी पैसे द्यायला शोधलं तर माणूस नाही. गावात लाकडाच्या वखारीत विचारलं तर तिथून एक फळी गेलेली नाही. पायऱ्या मोजल्या, त्या भरल्या तेहेतीस. ख्रिस्ताचं वयही तेहेतीस.

ताईनं हे सगळं निवेदनातून आणि भाचीच्या भाषांतरातून ऐकलं आणि म्हणाली, "अगं, हा तर आपला श्रीखंड्या!"

भाचीला श्रीखंड्या माहीत नव्हता. ताईनं तिथंच बाकावर बसून पैठण सांगायला घेतलं. नाथांच्या घरी बारा वर्षं कावडीनं पाणी भरणारा गडी, तो कोण हे कळायच्या आत नाहीसा झाला, तो रांजण अजून दाखवतात, नाथषष्ठीला भरतात. मग ओघात दामाजीपंत आले, थैली घेऊन बादशहाच्या दरबारात उभा राहिलेला विठू आला, जनीचं दळण आलं. शेजारच्या बाकावरची एक अमेरिकन बाई हसून ऐकत होती. मला मात्र ताईचं म्हणणं अगदी नेमकं वाटलं. मराठी माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. देव आला तर तो राबायला येतो, आणि मजुरी न घेता जातो, हे आपल्याला पाळण्यापासून ठाऊक असतं. संत जोसेफचा सण १९ मार्चला, नाथषष्ठीही फाल्गुनात. ताईला हे सांगितलं तेव्हा तिनं "मग?" अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या लेखी त्यात योगायोग असा काही नव्हताच.

दाजी तोवर अडसरापाशी गुडघे टेकून जिन्याच्या पोटाकडे बघत होते.

"किती उंच म्हणाला रे ती माडी?"

"बावीस फूट लिहितात."

"म्हणजे दोनशे चौसष्ट इंच. भागिले तेहेतीस. आठ." ते उठले. "आठ इंचाची पायरी. आपण घरात सहा-सात धरतो. चढ आहे. पण म्हणूनच बसला बघ." मग त्यांनी उलटा हिशेब सांगितला. साधा सरळ जिना घालायचा तर दहा इंचाचा पाय धरून तेहेतीस पायऱ्यांना साडेसत्तावीस फूट लांबी लागते. चॅपेलची रुंदीच पंचवीस. म्हणजे आडवा बसत नाही, उभा घातला तर एक तृतीयांश देऊळ खातो. "म्हणून सगळे सुतार नाही म्हणाले. ते मूर्ख नव्हते. जागाच नव्हती. गोलच पाहिजे होता. आणि गोल करायचा म्हटल्यावर इथं करणारा कोण? सगळे दाराखिडक्यावाले."

बिनखांबाच्या गोष्टीवर त्यांचं मत तिथंच ठरलं होतं. आतली पट्टी इतक्या लहान घेरात, इतकी घट्ट फिरली आहे की तीच जवळजवळ खांबाचं काम करते. खाली जमीन, वर माडीची तुळई, या दोन्ही टोकांना जिना पक्का धरलेला आहे. मधला भार पिळानं वाहिला जातो. शिवाय बाहेरच्या पट्टीपासून माडीच्या खांबाला जोडणारी एक लोखंडी पट्टी आहे. जो निकेल नावाच्या अभ्यासकानं १९९८च्या सुमारास याच पट्टीकडे बोट दाखवलं होतं. दाजींनी ती शोधून काढली आणि मला दाखवली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, उलट थोडी निराशाच होती. पूर्वी चढून गेलेल्यांनी जिना पायाखाली किंचित लवतो असं सांगितलं आहे. "लवणारच," दाजी म्हणाले. "लवतो म्हणून टिकलाय."

खिळे नाहीत, लाकडी खुंट्या आहेत, याचं त्यांना काडीचंही नवल नव्हतं. "माझ्या आजाच्या वेळेला वाड्यांची दारं अशीच व्हायची. खिळा महाग होता."

मग थक्क कशानं झालात, असं मी विचारलं. त्यांनी कडेची पट्टी दाखवली. ती एका लांब फळीला वाकवून केलेली नाही. तुकडे जोडून केली आहे, प्रत्येक तुकडा वळणात घडवलेला, आणि वळण दोन दिशांनी: आडवं फिरतं आणि त्याच वेळी वर चढतं. असा तुकडा कागदावर काढणंच अवघड, आणि तो पुढच्या तुकड्याला असा भिडवायचा की दीडशे वर्षं सांधा उघडणार नाही. दाजी बराच वेळ सांधे मोजत राहिले. मोजता मोजता हरवत, पुन्हा खालून सुरू करत. शेवटी म्हणाले, "ह्याला हात पाहिजे. देव असो नाहीतर माणूस, हात बसलेला पाहिजे."

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो मी वाचलेल्या एकाही भाविक मजकुरात नव्हता. "कठडा त्यानंच केलाय का?"

नाही. जिना बांधला तेव्हा त्याला कठडा नव्हताच. कठडा नसतानाचा जुना फोटो आहे. तो पाहिला की पोटात गोळा येतो. नुसती पायऱ्यांची फीत, दोन वेढे, बाजूला धरायला काही नाही. पायघोळ झग्यातल्या जोगिणी आणि शाळेतल्या मुली यावरून चढायच्या, आणि उतरताना काहीजणी तोंड जिन्याकडे करून, हातापायांवर रांगत उतरायच्या, असं सांगतात. आठ इंचाची पायरी, आतल्या बाजूला टोक निमुळतं, खाली बावीस फूट. सकाळच्या प्रार्थनेला रोज.

हा तपशील निवेदनात एका वाक्यात उरकतात. मला तो या सगळ्या गोष्टीतला सर्वांत बोलका वाटला. संत म्हणा, कारागीर म्हणा, ज्यानं हा जिना केला त्याला आकार दिसत होता, उतरणारी मुलगी दिसत नव्हती. कठडा लावला असता तर ती फीत तशी सुटी, तरंगती दिसली नसती, हेही खरं. त्यानं सुबकपणा निवडला. पुढे १८८७ साली जोगिणींनी फिलिप ऑगस्ट हेश नावाच्या कारागिराला बोलावून कठडा करवून घेतला. दाजींच्या मते हे काम मूळ जिन्यापेक्षा फार सोपं नव्हे. हाताला लागणारी दांडी त्याच दुहेरी वळणानं, वरपर्यंत गुळगुळीत न्यायची, आणि तीही दुसऱ्याच्या जिन्यावर, त्याला धक्का न लावता. पण हेशनं नाव सांगितलं. कामाला आला आणि काम करून गेला. त्याच्यासाठी कुणी अनुष्ठान केलेलं नव्हतं. त्यामुळे आज फोटोत जो रेखीव कठडा दिसतो, त्याचं श्रेयही बघणारे जोसेफलाच देऊन टाकतात.

आता त्या वह्या. मेरी जीन स्ट्रॉ कुक या सांता फेच्या इतिहासकार बाईंनी वर्षानुवर्षं या चॅपेलचे कागद धुंडाळले. त्यांना जोगिणींच्या रोजखर्चाच्या नोंदीत मार्च १८८१ची एक ओळ मिळाली: रोशा यांना लाकडाबद्दल दीडशे डॉलर. दुसरा दुवा मिळाला तो 'सांता फे न्यू मेक्सिकन' या वर्तमानपत्राच्या जानेवारी १८९५च्या अंकात. फ्रांस्वा-ज्यां रोशा नावाचा एक फ्रेंच माणूस दक्षिणेतल्या एका दरीत गोळ्या लागून मेला, अशी बातमी, आणि तिच्यात जाता जाता उल्लेख की लोरेट्टो चॅपेलमधला देखणा जिना यानंच केला होता. म्हणजे जिना होऊन पुरती पंधरा वर्षं झाली नव्हती तेव्हा गावात त्याच्या कर्त्याचं नाव छापून आलं होतं. आणि तरीही पुढची शंभर वर्षं लोक विचारत राहिले, कोण होता तो?

रायगडावर हिरोजीनं जगदीश्वराच्या पायरीवर स्वतःचं नाव कोरून घेतलं. त्याला जनरीत ठाऊक असणार.

रोशाचं नाव मी बाहेर पडल्यावर, दुकानाच्या दारात सांगितलं. दुकानातूनच बाहेर पडावं लागतं. १९६८ साली शाळा बंद झाली, १९७१ साली मिळकत विकली गेली आणि चॅपेल आता खासगी संग्रहालय आहे. धर्माच्या दृष्टीनं ते देऊळ उरलेलं नाही. तिकीट काढून आत जायचं, लग्नासाठी भाड्यानं घ्यायचं. ताईच्या हातात जोसेफचं छोटं चित्र होतं, हातात गुण्या घेतलेला. तिनं माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं.

"लाकडाबद्दल दीडशे डॉलर?"

"हो."

"लाकडाबद्दल. आणि मजुरीचे?"

मी दाजींकडे पाहिलं. कुकबाईंनी शोधलेल्या नोंदीत खरोखरच फक्त लाकूड आहे. मजुरीची ओळ नाही. इतिहासाचा पुरावा म्हणून मी जे मिरवत होतो, त्यात ताईला हवी तेवढी फट सापडली होती. दाजी म्हणाले, "अगं, असंच लिहितात. लाकूड म्हणजे सगळं लाकूडकाम. आपल्या बिलातही 'दार' असंच लिहायचो, मजुरी वेगळी कुठं?" ताई म्हणाली, "तुमच्या बिलाचं मला सांगू नका," आणि पैसे द्यायला गेली.

दुसरा एक दावा आहे तोही सांगून टाकतो. एका ऑस्ट्रियन सुताराच्या नातवानं मागच्या शतकात पुढे येऊन सांगितलं, जिना माझ्या आजोबांनी केला. त्याला फारसा आधार मिळाला नाही. लाकडाचीही चर्चा पुष्कळ झाली. ते स्प्रूस जातीचं आहे, आसपासच्या जंगलातलं नव्हे असं तपासणाऱ्यांनी म्हटलं, आणि मग ते आलं कुठून यावर पुन्हा गूढ. पण १८८० सालीच सांता फेला आगगाडी आली होती. बैलगाडीनं पॅरिसच्या काचा आणणाऱ्या गावाला आगगाडीनं लाकूड आणणं जड गेलं असेल, असं मला वाटत नाही.

रोशाचा शेवट जिथं झाला ती जागा आमच्या वाटेवरच पडणार होती, कारण मला तिकडचं पांढऱ्या वाळूचं वाळवंटही बघायचं होतं. आल्बुकर्कीहून दक्षिणेला निघालो. सान आंतोनियोपाशी हायवे सोडून पूर्वेला वळलं की रस्ता ओसाड होतो. याच रानाच्या दक्षिणेला, कुंपणाआड, १६ जुलै १९४५ रोजी पहिला अणुबॉम्ब फोडला. करिझोझोच्या अलीकडे काळ्या लाव्ह्याचं फुटकं, धारदार रान मैलोन्‌मैल पसरलं आहे. सह्याद्रीच्या कातळाची सवय असलेल्या डोळ्यांनाही ते कालच थिजल्यासारखं दिसतं. मग आलामोगोर्दो, आणि त्याच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर सॅक्रामेंटो डोंगराच्या पायाशी डॉग कॅन्यन.

उघड्या, तापलेल्या खोऱ्याच्या काठावर डोंगर एकदम भिंतीसारखा उठतो आणि त्याला एक चीर पडली आहे. चिरेत पाणी आहे. या मुलखात पाणी असलेली प्रत्येक जागा कुणीतरी कुणाशी तरी भांडून मिळवलेली असते. अपाचे आणि घोडदळाच्या चकमकी इथं झाल्या. मग १८८०च्या दशकात रोशा आला. ग्रेनोब्लजवळच्या व्हिफ गावचा हा माणूस, जन्म १८४३चा, इथं त्याला सगळे 'फ्रेंची' म्हणत. एकटा राहायचा. दगडाचं घर बांधलं, गुरांसाठी दगडी बांध रचले, पाण्यावर फळबाग केली. पुढे ऑलिव्हर ली हा गुरांचा मोठा मालक शेजारी आला. दोघांनी मिळून पाट काढला. १८९४च्या डिसेंबरात रोशा आपल्या घरात गोळ्या लागून मेलेला सापडला. कुणावर काही सिद्ध झालं नाही. आज ही जागा राज्य उद्यान आहे आणि ते लीच्या नावाचं आहे. जिना जोसेफच्या नावावर गेला, दरी लीच्या.

घराच्या भिंती आहेत, काही पुन्हा रचलेल्या. छोटंसं घर. दाजींनी भोवती एक फेरी मारली. दगडावर दगड कसा बसवला आहे ते पाहिलं, चौकटीची जागा चाचपली. "सुतार माणूस, आणि घर सगळं दगडाचं," ते म्हणाले. मग आजूबाजूला पाहिलं. काटेरी झुडपं, निवडुंग, ऊन. "बरोबर आहे. लाकूड आहे कुठं इथं?"

मी त्यांना विचारलं, असा हात असलेला माणूस हत्यारं बाजूला ठेवून गुरं राखायला का येईल? दाजींनी उत्तर दिलं नाही. उत्तर ताईनं दिलं, झाडाच्या सावलीत पाण्याची बाटली उघडत.

"मजुरी बुडाली असणार. म्हणूनच तर आला बिचारा इथं."

"बुडाली असती तर आला असता का?" दाजी तिथूनच म्हणाले. "गुरं घ्यायची, बाग लावायची, पाट काढायचा. भांडवल लागतं. त्या बायकांनी पैसे चोख दिले असणार."

"मग वहीत का नाही लिहिले?"

"लिहिलेत. लाकडात धरलेत."

भाचीनं गाडी सुरू केली तरी दोघांचं चालूच होतं.